‘नेक्स्ट जनरेशन’च्या फिगर जमवताना: काय घ्यावं, काय तपासावं, कसं सांभाळावं

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ ही अंतराळकथांची टीव्ही मालिका अमेरिकेत १९८७ ते १९९४ अशी सात सीझन चालली. या मालिकेच्या फिगर (पात्रांच्या छोट्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या) जमवायच्या तर आधी साइज ठरवा, कारण पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच. गालूब कंपनीने १९८८ मध्ये पावणेचार इंची फिगर काढल्या: सहा जहाजावरच्या क्रूमधले आणि चार परके जीव (क्यू, फेरेंगी, सेले, अँटिकन). हे चौघे दुर्मिळ आणि महाग आहेत. गालूबचा डेटा (क्रूमधला यंत्रमानव) घेताना चेहऱ्याचा रंग बघा. निळसर, ठिपकेदार आणि साधा असे प्रकार आहेत आणि किंमत त्यावर ठरते.

प्लेमेट्स कंपनीच्या फिगरची मालिका १९९२ मध्ये दहा फिगरनी सुरू झाली: पिकार्ड, रायकर, डेटा, वॉर्फ, जॉर्डी, ट्रॉय, गावरॉन, बोर्ग, रोम्युलन, फेरेंगी. उंची साधारण साडेचार ते पाच इंच. ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ या पुढच्या स्टार ट्रेक मालिकांच्या फिगर याच मापाच्या, त्यामुळे एका फळीवर शोभतात. १९९६ च्या ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ सिनेमाच्या फिगर मात्र मोठ्या आहेत. त्यातला पिकार्ड जुन्या रायकरशेजारी ठेवला तर राक्षस दिसतो. प्लेमेट्सने २०२२ मध्ये पुन्हा पाच इंची फिगर काढल्या. म्हणून जाहिरातीत नुसतं ‘प्लेमेट्स डेटा’ लिहिलं असेल तर फिगर ज्या पुठ्ठ्याच्या कार्डावर येते त्याच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. फिगरवर कोरलेल्या सालावर विसंबू नका. ते साच्याचं असतं, विक्रीचं नव्हे.

नवशिक्यासाठी पहिली दहा पुरे. ‘सगळंच हवं’ म्हणून सुरुवात केली की वेशभूषा बदलून आलेले पाच-सहा पिकार्ड घरात येतात आणि बोर्ग एकच राहतो.

सीलबंद घ्यावी की सुटी? नव्वदच्या दशकात या फिगर प्रचंड निघाल्या आणि पुढे भाव येईल म्हणून लोकांनी त्या कार्डासकट जपून ठेवल्या. भाव काही आला नाही. त्यामुळे नेहमीच्या पात्रांची बंद पाकिटं आजही मुबलक आणि स्वस्त आहेत. दुर्मिळ झालं ते बारीकसारीक सामान. १९९२ च्या जॉर्डीचा व्हायझर (डोळ्यांवरची पट्टी) काढता येतो, म्हणजे तो हरवतोच. नुसता व्हायझर शोधून मागवला तर टपालखर्चासकट नव्या पाकिटाएवढा खर्च होतो. आमचं मत स्पष्ट आहे: कोपरा दुमडलेलं, फुगा (फिगरवरचं पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण) पिवळा पडलेलं पाकीट स्वस्तात घ्या आणि फोडा. कोऱ्या करकरीत कार्डाचे जास्तीचे पैसे मोजायचे ते फक्त खरोखर कमी निघालेल्या फिगरसाठी.

सुट्या फिगरचा लॉट घेताना विक्रेत्याकडून तीन फोटो मागवा: समोरून, पाठीमागून आणि तळपाय. तळपायाला स्टँडच्या खुंटीचं भोक असतं. ते फाटलं असेल तर फिगर उभी राहत नाही. बहुतेक फिगरच्या तळपायावर छापील अनुक्रमांकही असतो. सामानाचा रंग कार्डाच्या मागच्या चित्राशी ताडून बघा. प्लेमेट्सने तेच फेझर (किरणांचं पिस्तूल), तेच ट्रायकॉर्डर (हातातलं तपासणी यंत्र) वेगवेगळ्या रंगांत पुन्हापुन्हा ओतले, आणि लॉटमध्ये ते सर्रास अदलाबदल झालेले असतात.

अनुक्रमांक खरा उपयोगी पडतो तो कुप्रसिद्ध मर्यादित फिगरच्या वेळी. ‘टॅपेस्ट्री’ भागातला निळ्या गणवेशातला पिकार्ड आणि ‘यस्टरडेज एंटरप्राइज’मधली ताशा यार या दोन्ही फक्त १७०१ नग काढल्या, एंटरप्राइज जहाजाच्या नोंदणी क्रमांकाइतक्या. बार्कले या पात्राच्या ३०००. लहान मुलांच्या खेळण्यांच्या रांगेत कंपनीने असलं काही करायला नको होतं, असं जमवणारे आजही म्हणतात. पहिल्या दोन फिगरच्या पायावरचा आकडा १७०१ पेक्षा मोठा असेल तर दावा खोटा. आकडा खरवडलेला किंवा रंगाखाली गेलेला असेल तर साध्या फिगरला रंग दिलेला असण्याची शक्यता धरा. पायाचा स्पष्ट फोटो न देणाऱ्याला पैसे देऊ नका.

भारतात मागवताना फिगरच्या किमतीपेक्षा वाटेतला खर्च बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) प्रमाणन सक्तीचं आहे, आणि पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं. वर ड्यूटी लागते. पाकिटावर ‘गिफ्ट’ लिहिल्याने ती चुकत नाही. अमेरिकेत कोणी नातेवाईक असेल तर तिथल्या पत्त्यावर जमवून, बिलं जपून, सामानातून आणवणं सोयीचं.

आता सफाई. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ टूथब्रश, मग सावलीत वाळवणं. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर रंग तर काढतातच, प्लॅस्टिकही विरघळवतात. स्पिरिटही रंगाला लावू नका. मऊ भाग चिकट झाला असेल तर ती धूळ नसून प्लॅस्टिकमधला मऊपणा देणारा पदार्थ बाहेर येतोय. साबणाने धुतल्यावर काही महिने बरं दिसतं, पुन्हा चिकटतं. असा भाग हवाबंद पिशवीत कोंडू नका. वाकलेला फेझर चहाइतक्या गरम पाण्यात अर्धा ते एक मिनिट ठेवा, बोटांनी सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवा. घट्ट बसलेला सांधाही आधी असाच गरम करून मगच फिरवा. थंड असताना जोर लावला तर खुंटी आतच तुटते. सांधा ढिला असेल तर खुंटीवर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक वार्निशचा पातळ हात द्या आणि चोवीस तास हलवू नका.

साठवणीत मुंबई-कोकणची दमट हवा हा मोठा शत्रू. कार्ड फुगतं, फुग्याचा गोंद सुटतो आणि कसर कागद खाते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात दर महिन्याला बदला. डांबराच्या गोळ्या मात्र डब्यात नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं. कपाट खिडकीसमोर नको. फुगा पिवळा पडण्यात उन्हाचा वाटा मोठा, आणि एकदा पिवळा पडला की परत येत नाही.

आवाज करणारं जहाज किंवा फेझर घेतलात तर घरी आल्याबरोबर सेल काढा. पट्ट्यांवर पांढरट-हिरवा थर असेल तर इअरबडने थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला. पट्टीच खाल्ली गेली असेल तर बाजारात मिळणारी सेलच्या खणाची स्प्रिंग डाख देऊन बसवता येते.