या चुका टाळा: लेयर (अंडी देणाऱ्या) कोंबड्यांचं कॅल्शियम आणि पातळ कवचाची अंडी

कवच पातळ पडायला लागलं की हात आधी चुनखडीच्या पोत्याकडे जातो. खाद्यात आणखी पावडर मिसळली जाते, आणि अंडी फुटायची थांबत नाहीत. माझ्या मते अशा वेळी कॅल्शियम किती दिलं यापेक्षा ते कोणत्या रूपात आणि कधी दिलं, हे आधी तपासावं.

एका कवचात साधारण 2 ग्रॅमपेक्षा थोडं जास्त कॅल्शियम असतं. कोंबडी दिवसाला 110 ग्रॅम खाद्य खाते आणि त्यात 4 टक्के कॅल्शियम असेल, तर पोटात 4.4 ग्रॅम जातं. त्यातलं निम्मं अंगी लागलं तरी कागदावर हिशेब बसतो. अडचण वेळेची आहे. कवच तयार व्हायला सुमारे 20 तास लागतात आणि त्याचं बरंचसं काम रात्री चालतं, जेव्हा कोंबडी काहीच खात नाही. बारीक पावडर तोवर आतड्यातून पुढे गेलेली असते. मग कोंबडी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते. हे रोज चाललं की कवच तर जातंच, पायही जातात.

म्हणून निम्म्याहून जास्त कॅल्शियम 2 ते 4 मिलिमीटरच्या खड्यांच्या रूपात द्या, शिंपल्याचा चुरा किंवा जाड चुनखडी. हे खडे पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या भागात, राहून रात्रभर हळूहळू विरघळतात. दुपारनंतर वेगळ्या भांड्यात ठेवले तर ज्या कोंबडीला गरज आहे ती बरोबर त्यावर जाते.

ग्रिट (कोंबड्यांना द्यायचे बारीक खडे) म्हणून आणलेली प्रत्येक वस्तू कॅल्शियम नसते. ग्रॅनाइटचे खडे दाणे दळायला मदत करतात, कवचाला नाही. चिमूटभर खड्यांवर व्हिनेगर टाका: शिंपला किंवा चुनखडी फसफसते, ग्रॅनाइट तसाच राहतो. डोलोमाइटही थोडं फसफसतं, पण त्यात मॅग्नेशियम भरपूर, त्यामुळे विष्ठा पातळ होते आणि कवच कमजोर. ते घेऊच नका. डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) मुख्यतः फॉस्फरससाठी असतं. कवचासाठी ते वाढवलं तर जादा फॉस्फरस उलट कवचाच्या आड येतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे वरून टाकलेला मका. 40 ग्रॅम मका खाल्ला की लेयर खाद्य 70 ग्रॅमवर येतं आणि कॅल्शियम 2.8 ग्रॅमवर. मक्यात ते जवळजवळ नसतंच.

अंड्याची टरफलं चांगली, पण उकळून, वाळवून, ओळखू येणार नाहीत इतकी चुरून.

तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना) लवकर लेयर खाद्य सुरू करणं मात्र मला सगळ्यात घातक वाटतं. वाढीच्या काळात त्यांना 1 टक्क्याच्या आसपास कॅल्शियम पुरतं. जास्तीचं मूत्रपिंडावर येतं आणि ते नुकसान भरून निघत नाही. अंड्यावर येण्याआधीचे साधारण दोन आठवडे 2 ते 2.5 टक्के, आणि अंडी सुरू झाली की लेयर खाद्य.

हे सगळं नीट असूनही कवच पातळच येत असेल तर कॅल्शियम वाढवू नका. उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि कवचाला तोही लागतो. तिथे सावली, वारा आणि गार पाणी हाच उपाय. खाद्य फार जुनं असेल तर त्यातलं डी3 जीवनसत्त्व कमी झालेलं असू शकतं आणि त्याशिवाय कॅल्शियम शोषलं जात नाही. वय वाढलं की अंडं मोठं होतं, कवच तेवढंच राहतं. आणि एकाएकी बऱ्याच कोंबड्यांची अंडी वेडीवाकडी, सुरकुतलेली येऊन उत्पादनही घसरलं, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा.