मिनी-डीव्ही कॅसेट संगणकावर उतरवण्याआधीची तयारी

घरातील लग्न, मुंज, बारसे यांच्या जुन्या मिनी-डीव्ही कॅसेट संपादनासाठी संगणकावर घ्यायच्या असतील, तर पहिली चिंता कॅसेटची नव्हे, कॅमेऱ्याची करावी. डीव्ही हे स्वरूप १९९५ मध्ये बाजारात आले. ते वाचणारे हँडीकॅम आता नव्याने मिळत नाहीत आणि दुरुस्त करणारेही विरळ झाले आहेत. म्हणून सगळी तयारी अशा बेताने करावी की प्रत्येक कॅसेट कॅमेऱ्यातून शक्यतो एकदाच चालवावी लागेल.

ज्या कॅमेऱ्याने चित्रीकरण केले तोच मिळाला तर उत्तम, विशेषतः कॅसेट लाँग प्लेमध्ये (फीत हळू चालवून जास्त वेळ भरण्याच्या पद्धतीत) भरलेली असेल तर. कारण अशा फितीवरील माग (चित्र नोंदलेल्या रेघा) अधिक अरुंद असल्याने दुसऱ्या कॅमेऱ्यावर चित्राचे चौकोन फुटण्याची आणि आवाज तुटण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट बहुधा एनटीएससी या तिकडच्या टीव्ही-पद्धतीच्या असतात आणि भारतात विकलेले कॅमेरे पाल या इकडच्या पद्धतीचे, तेव्हा त्यांचा गठ्ठा आधीच वेगळा करून त्यांच्यासाठी तिकडचाच कॅमेरा मागवून घ्यावा. कॅमेऱ्याची जुनी बॅटरी तासभर टिकेल या भरवशावर राहू नये. मूळ अ‍ॅडॅप्टर शोधून ठेवावा.

कॅसेट तपासताना प्रत्येकीच्या मागच्या कडेवरील लहानशी खिट्टी ‘सेव्ह’कडे सरकवावी, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी मुंजीवर नवे चित्रीकरण होणार नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातील दमटपणामुळे फितीवर बुरशी धरते. रिळाच्या कडेला पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली, तर ती कॅसेट कॅमेऱ्यात मुळीच घालू नये. एका बुरसट कॅसेटमुळे हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, खराब होतो आणि ती घाण पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. अशी कॅसेट जाणकाराकडे सोपवावी. वातानुकूलित खोलीतून बाहेर काढलेला कॅमेरा लगेच सुरू न करता तासभर तसाच ठेवावा, कारण आतल्या ड्रमवर (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावर) दव साचले तर फीत त्याला चिकटते. बरीच वर्षे न हललेली फीत आधी शेवटापर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणावी, म्हणजे तिचा ताण सारखा होतो. हेड साफ करण्याची कोरडी कॅसेट जवळ असावी, पण ती चित्र बिघडल्यावरच आणि तीही मोजकेच सेकंद चालवावी. तिने हेड घासला जातो.

खरी अडचण जोडणीची आहे. डीव्हीमधील चित्र आधीच अंकीय स्वरूपात असते, त्यामुळे ते फायरवायर या जुन्या अंकीय जोडणीच्या तारेने घेतले तर फितीवरची माहिती जशीच्या तशी फाइलमध्ये येते. पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या तारा लावून स्वस्त यूएसबी कॅप्चर डबीतून घेतले, तर तेच चित्र एकदा अ‍ॅनालॉग होऊन पुन्हा अंकीय होते आणि वाटेत विनाकारण मऊ पडते. कॅमेऱ्यावरचे यूएसबीचे भोक पाहून हुरळून जाऊ नये. अनेक कॅमेऱ्यांत ते केवळ स्थिरचित्रांसाठी असते. कॅमेऱ्याच्या बाजूला चार पिनांची फायरवायर लागते, डेस्कटॉपच्या कार्डाला सहसा सहा पिनांची, आणि तार जोडताना दोन्ही उपकरणे बंद असावीत. मॅकवाल्यांनी विशेष जपावे: २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये ॲपलने फायरवायरची सोयच काढून टाकली, तेव्हा त्याआधीची प्रणाली असलेला जुना मॅक अपग्रेड न करता राखून ठेवावा. विंडोजवर विनडीव्ही आणि लिनक्सवर डीव्हीग्रॅब ही मोफत साधने या कामाला पुरतात.

एका तासाच्या डीव्ही चित्रीकरणाला सुमारे १३ जीबी जागा लागते. वीस कॅसेट म्हणजे २६० जीबी, आणि दुसरी प्रत धरली तर त्याच्या दुप्पट. बाह्य डिस्क फॅट३२ स्वरूपात असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर मावत नाही, म्हणून ती आधीच एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्यावी. वेळही तितकाच राखावा, कारण साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटेच घेते. त्या काळात संगणक झोपी जाणार नाही अशी सेटिंग करावी आणि वीज जाण्याचा प्रश्न असेल तिथे लॅपटॉप किंवा यूपीएस वापरावा.

प्रत्येक कॅसेटला क्रमांक देऊन तोच क्रमांक फाइलच्या नावात घालावा आणि लेबलवरचा मजकूर, पुसट झाला असला तरी, वहीत उतरवून ठेवावा. चित्रीकरणाची तारीख व वेळ फितीवर चित्राबरोबर नोंदलेली असते आणि फायरवायरने ती फाइलमध्ये येते. मात्र कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असेल तर तीही चुकीचीच येणार, म्हणून एखाद्या ठाऊक असलेल्या प्रसंगाशी ती पडताळून पाहावी.

संपादनाच्या प्रोजेक्टची मापेही आधी ठरवावीत: पालसाठी ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत, म्हणजे फील्डमध्ये, विभागलेली), खालची फील्ड आधी. हालचालीत दिसणाऱ्या आडव्या कंगोऱ्यांना घाबरून मूळ फाइलच डीइंटरलेस करू नये, म्हणजे फील्ड काढून पूर्ण फ्रेममध्ये बदलू नये. ते अंतिम प्रत काढताना करावे. मूळ डीव्ही फाइल दोन वेगळ्या डिस्कवर पोहोचून, सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी चालवून पाहिल्यावरच कात्री हाती घ्यावी, आणि त्यानंतरही कॅसेट रद्दीत देऊ नयेत.