सीसीएनएची तारीख घेण्याआधी सबनेटिंग वहीत करा

नेटवर्किंगमधून आयटीत शिरायचं असेल तर नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची सीसीएनए (परीक्षा क्रमांक २००-३०१) ही प्रमाणपत्र परीक्षा भक्कम सुरुवात आहे. पण फी ३०० डॉलर, वर कर. नापास झालात तर पुन्हा तेवढेच पैसे. म्हणून आधी सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे पत्ते छोट्या गटांत विभागणं, हाताने जमलं पाहिजे. परीक्षेला १२० मिनिटं असतात, कॅल्क्युलेटर नसतो आणि मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही.

उदाहरणार्थ १९२.१६८.१०.७७/२६ हा आयपी पत्ता (नेटवर्कवरच्या यंत्राचा क्रमांक) घ्या. /२६ म्हणजे त्याचे पहिले २६ बिट नेटवर्कचे. तेच आकड्यांत लिहिलं की मास्क २५५.२५५.२५५.१९२, म्हणजे शेवटच्या आकड्यात ६४-६४चे गट (२५६ वजा १९२). ७७ हा ६४ ते १२७मध्ये बसतो. नेटवर्कचा पत्ता .६४, ब्रॉडकास्ट (गटातल्या सगळ्यांना एकदम निरोप पाठवायचा पत्ता) .१२७, मधले ६२ पत्ते वापरायला मोकळे. हे अर्ध्या मिनिटात सुटेपर्यंत रोज दहा गणितं कराच.

सरावासाठी राउटर विकत घ्यायची गरज नाही, सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे संगणकावर नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात दोन व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी नेटवर्क) बनवा, मग मुद्दाम ट्रंक (अनेक व्हीलॅनची वाहतूक नेणारी जोडणी) बंद करा आणि पिंग (दुसरं यंत्र उत्तर देतं का हे तपासणारा संदेश) कुठे अडतं ते शोधून काढा. पहिल्या नोकरीत हेच काम रोज करावं लागतं. फुटलेल्या प्रश्नसंचांच्या नादी मात्र अजिबात लागू नका. पकडले गेलात तर प्रमाणपत्रही जातं. आणि ते ३ वर्षंच चालतं, तेव्हा नोकरी शोधायच्या सुमारासच परीक्षा द्या.