कॉम्पॅक्शन: जोत्यात, स्लॅबमध्ये आणि शेतात या चुका टाळा

जोत्यात दोन फूट मुरूम एकदम ओतायचा, वर पाइप सोडायचा आणि "पावसाळाभर राहू द्या, आपोआप बसेल" म्हणायचं, ही पहिली चूक. पाण्याने मुरूम थोडा खाली जातो, पण पुरता दबत नाही. कॉम्पॅक्शन म्हणजे ठोकून किंवा रोलर फिरवून कणांमधली हवा बाहेर काढणं. ओल्या चिकणमातीतलं पाणी वरच्या भाराने वर्षानुवर्षं झिरपत जातं आणि ती खचते, ते कन्सॉलिडेशन. मराठीत दोन्हींना आपण 'दबणं' म्हणतो, म्हणून घोळ होतो.

ओलावा किती, हा खरा प्रश्न. ठरावीक ओलाव्यालाच माती सर्वांत घट्ट बसते, हे कॅलिफोर्नियातले अभियंते आर. आर. प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये मांडलं. प्रयोगशाळा जवळ नसेल तर मूठ वापरा: लाडू वळला पाहिजे, पण तळहाताला पाणी सुटता कामा नये. १५ सेंटिमीटरचा थर, त्यावर धुमस (ठोकायचं जड अवजार), मग पुढचा थर. जाड भराव नुसता वरून ठोकलात तर वरची साल टणक आणि खाली पोकळ; दोन वर्षांनी फरशी डबडब वाजते. तेव्हा फटीत सिमेंट भरून काही होत नाही, फरशी काढून भरावच पुन्हा करावा लागतो. काळी माती तर भरावात नकोच. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते.

काँक्रीटमध्ये हेच काम व्हायब्रेटर (आत बुडवायची थरथरणारी सुई) करतो. ५ टक्के हवा अडकली तर ताकद सुमारे ३० टक्क्यांनी घटते. पण बुडबुडे थांबल्यावरही सुई आत ठेवली, तर खडी तळाला आणि पाणचट सिमेंट वर. सेंट्रिंग (स्लॅबला आधार देणारा साचा) काढल्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसली, तर आधी इंजिनिअरला दाखवा. गवंडी लगेच प्लास्टर मारायला धावतो, त्याला थांबवा.



शेतात मात्र सगळं उलटं: तिथे दबलेली जमीन हाच रोग. वाफसा (मशागतीला योग्य ओलावा) येण्याआधी ट्रॅक्टर घातला, किंवा दरवर्षी एकाच खोलीवर नांगरट केली, की तळाशी कडक थर तयार होतो. पाणी वर तुंबतं, मुळं आडवी वळतात. पाऊस मुरल्यावर लोखंडी सळई खुपसून पाहा, कुठे अडते ते कळेल. थर फोडायला सबसॉयलर (खोल जाणारं नांगरासारखं अवजार) आहे, पण तो कोरड्या जमिनीतच चालवा. ओल्यात तो नुसती चीर पाडतो. डिझेल जळतं, थर तसाच राहतो.