सुरीच्या मुठीसाठी शिसवी आणि आबनूस: निवडावं कसं, वाळवावं कसं

वखारीत ‘एकदम सुकं आहे साहेब’ असं ऐकलं की मान डोलवावी आणि घरी येऊन ठोकळा वजनकाट्यावर ठेवावा. ओल्या लाकडाची मूठ बसवली तर उन्हाळ्यात ती आकसते, पात्याच्या कडा मुठीबाहेर येतात आणि तळव्याला टोचतात.

शिसवी घ्यायची तर फर्निचरवाल्याकडचे कटपीस बघा. त्याहून बरा जुन्या बाजारातला मोडका शिसवी पलंग: त्याच्या पायाचं वाळण्याचं काम कधीच उरकलेलं असतं. फक्त खिळे शोधून काढा, नाहीतर करवतीचे दात जातील. आबनूस महाग, त्यामुळे काळा रंग दिलेलं भलतंच लाकूडही त्या नावाने खपतं. विक्रेत्याला विचारून एक कोपरा कानशीने घासा. आत फिकट निघालं तर ठोकळा परत ठेवा.

रेषा मुठीच्या लांबीने सरळ जायला हव्यात. खोडाचा मध्यबिंदू ठोकळ्यात आला असेल तर घेऊ नका, तिथूनच भेगा फुटतात. बाहेरच्या पांढरट भागाला भुंगा लवकर लागतो, तोही टाळा. पावती मागाच. शिसवी २०१७ पासून सायटिस कराराच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्यांच्या यादीत, आहे, त्यामुळे भाच्याला अमेरिकेत सुरी पाठवायची तर आधी नियम तपासा. रक्तचंदनाच्या वाटेला जाऊच नका.

आता वाळवणं. पाणी बाजूंपेक्षा कापलेल्या टोकांतून कितीतरी पट वेगाने उडतं. टोकं आधी आकसतात, मधला भाग तसाच राहतो आणि तडा जातो. म्हणून दोन्ही टोकांना वितळलेल्या मेणबत्तीचं मेण फासा. बाहेरून मागवलेल्या ठोकळ्यांना बऱ्याचदा चारी बाजूंनी मेण असतं आणि आत लाकूड ओलंच असतं. त्याच्या बाजू खरवडा, टोकांचं मेण राहू द्या.

ठोकळे सावलीत, खाली पट्ट्या देऊन, एकमेकांना न चिकटवता ठेवा. गच्चीवरचं ऊन पापडांना ठीक. आबनुसाला तर वाराही जपून दाखवावा, सुरुवातीला वर्तमानपत्रात गुंडाळूनच ठेवा. प्रत्येक ठोकळ्यावर पेन्सिलीने तारीख आणि ग्रॅम लिहा, दर आठवड्याला वजन करा. घट थांबली की लाकूड हवेच्या जोडीला आलं.

पण कुठल्या हवेच्या? हवेत ८० टक्के आर्द्रता असली की लाकडात सुमारे १६ टक्के पाणी राहतं, ३० टक्क्यांच्या कोरड्या हवेत ६ टक्के. म्हणून श्रावणात वजन स्थिर झालं तरी हुरळू नका. मूठ बसवायला दिवाळीनंतरचे दिवस चांगले, हवा मधली असते.

खात्री हवी तर त्याच ठोकळ्याचा तुकडा कापून लगेच तोला. मग ओटीजीत १०० ते १०५ अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. ४४ ग्रॅमचे ४० झाले तर कमी झालेल्या ४ ला ४० ने भागा: १० टक्के. ८ ते १२ मध्ये असेल तर काम सुरू करा.

ठोकळ्यातून मुठीच्या दोन बाजूंसाठी दोन पट्ट्या कापताना प्रत्येकी ३-४ मिलिमीटर जास्त जाडी ठेवा. तोंडाला मास्क हवाच, या लाकडांचा भुसा काहींच्या त्वचेला आणि श्वासाला बाधतो. कापलेल्या पट्ट्या दोन-तीन दिवस तशाच राहू द्या, मग काचेवर ठेवून बघा. डुलत असतील तर पुन्हा सपाट करा, मगच चिकटवायला इपॉक्सी आणि पितळी पिना.