संगीताच्या तासाला डिजिटल फळा: आधी कान, मग बोट

प्राथमिक वर्गात इंटरॅक्टिव्ह, म्हणजे बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या, फळ्यावर संगीत शिकवायचे असेल, तर तयारी आवाजापासून करावी. फळ्याच्या अंगच्या स्पीकरमधून खालचे स्वर बहुधा पुसट येतात, म्हणून वेगळा स्पीकर जोडावा आणि तोही वायरनेच. ब्लूटूथवरून आवाज किंचित उशिरा पोहोचतो, आणि बोट टेकल्यानंतर स्वर मागाहून उमटला की मुलांची लय तिथेच मोडते. स्पर्शाचे कॅलिब्रेशनही तासाआधी तपासावे, कारण बोट एका चौकोनावर आणि ठिपका शेजारच्या चौकोनात पडला, तर लहान मुलाला ती स्वतःचीच चूक वाटते. मुलांनी हाताळायच्या गोष्टी त्यांचा हात पोहोचेल अशा खालच्या भागात ठेवाव्यात.

पहिला पाठ लयीचा घ्यावा. ठिपके वाजवून दाखवणाऱ्या ॲपमध्ये फळ्यावर चार चौकोनांची ओळ काढावी. एक चौकोन म्हणजे एक मात्रा. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या चौकोनात ठिपका ठेवावा, तिसरा रिकामा सोडावा. मेट्रोनोम, म्हणजे सारख्या गतीने ठोके देणारे साधन, मिनिटाला ८० ठोक्यांवर लावून वर्गाला ठिपक्यांवर टाळी द्यायला सांगितले, की पहिल्या एक-दोन फेऱ्यांत रिकाम्या चौकोनावरही हमखास टाळ्या पडतात. अशा वेळी समजावत बसू नये. त्या मात्रेवर सर्वांनी तळवे बाहेर वळवावेत, एवढेच सांगावे. शांततेलाही तितकाच वेळ द्यावा लागतो, हे मुलांना व्याख्येपेक्षा हातांतून लवकर कळते, आणि माझ्या मते या फळ्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

त्यानंतर एका मुलाला पुढे बोलावून एक ठिपका हलवू द्यावा. मात्र प्ले लगेच दाबू नये. नवी ओळ कशी वाजेल, हे बसलेल्या मुलांनी आधी टाळ्यांनी दाखवावे आणि मगच फळ्याने वाजवून पडताळा द्यावा. हा क्रम उलटा झाला, तर मुले ऐकून नक्कल करतात, वाचत नाहीत. शिवाय एक मूल फळ्यापाशी असताना बाकीच्यांना काहीच काम उरत नाही.

स्वरांसाठी गूगलच्या क्रोम म्युझिक लॅबमधील सॉन्ग मेकर सोयीचा आहे. तो ब्राउझरमध्ये खाते न उघडता चालतो. डावीकडून उजवीकडे वेळ सरकते, वर जावे तसा स्वर चढतो आणि प्रत्येक स्वराला ठरलेला रंग असतो. त्याची गती उघडताना १२० असते, ती लहान मुलांसाठी कमी करून घ्यावी. आधी तीन स्वरांची ओळ गाऊन घ्यावी, तिचा चढउतार हाताने हवेत काढायला लावावा, आणि मग कोणीतरी तो फळ्यावर उतरवावा. मोकळे सोडल्यास मुले चौकटीत घर नाहीतर फूल काढतात. त्याला पाच मिनिटे जरूर द्यावीत, आणि मग त्याच चित्रातले तीनच स्वर ठेवून ते गायला सांगावे. तयार झालेली ओळ लिंकने जतन करता येते.

तास संपताना पडदा काळा करून लयीची पहिली ओळ पाठ वाजवून घ्यावी. ठिपके दिसत नसतानाही तिसऱ्या मात्रेवर सगळे तळवे बाहेर वळले, तर पुढच्या तासाला आठ चौकोनांची ओळ घ्यायला हरकत नाही.