मॉन्टेसरी शाळेत प्रवेश घेण्यापूर्वी
‘मॉन्टेसरी’ या नावावर कोणाचाही एकाधिकार नसल्याने ते कोणतीही बालवाडी पाटीवर लावू शकते. म्हणून प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी वर्ग चालू असताना तासभर मागे बसून पाहण्याची परवानगी मागावी. खऱ्या मॉन्टेसरी वर्गात अडीच-तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र असतात, साधने त्यांच्या हाताला येतील अशा बुटक्या मांडण्यांवर ठेवलेली असतात आणि सकाळचे सुमारे तीन तास प्रत्येक मूल स्वतः निवडलेले काम घंटेच्या व्यत्ययाशिवाय करते. गुलाबी मनोरा, म्हणजे एकावर एक रचायच्या लहान-मोठ्या गुलाबी ठोकळ्यांचे साधन, कपाटात कुलूपबंद दिसला, तर पुढे विचारण्यासारखे फारसे उरत नाही. शिक्षिकेचे प्रशिक्षण कोठे झाले, ते विचारावे. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या असोसिएशन मॉन्टेसरी इंटरनॅशनल या मॉन्टेसरी शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची पदविका असल्यास उत्तम. बोटाने गिरवायची खरखरीत अक्षरे मराठीतही आहेत का, हेही पाहावे, बहुधा नसतात. शक्यतो वयाच्या तिसऱ्या वर्षी प्रवेश घेऊन मुलाला तेथे तीन वर्षे राहू द्यावे, कारण शेवटच्या वर्षी ते धाकट्यांना शिकवू लागते आणि मधूनच काढल्यास नेमका हाच लाभ बुडतो. शुल्कात साधनांचा खर्च धरला आहे की नाही, हे लेखी घ्यावे.